कॅमेऱ्याची आहे हे कळू नये, तरी सामान सुरक्षित राहील अशी बॅग कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरहून लग्नाच्या ऑर्डरींसाठी एसटीने आणि पॅसेंजरने फिरता, सोबत एक बॉडी, दोन लेन्स, एक फ्लॅश, बजेट चार हजार, आणि बॅगेकडे बघून आत काय आहे ते कुणाला कळू नये. मी भुसावळचा. चौदा वर्षं हाच धंदा करतोय आणि त्यातली पहिली सहा वर्षं गाडी नव्हती, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजतो.

चार हजारांची कॅमेरा बॅग घेऊच नका. ती शंभर पावलांवरून ओळखू येते. चौकोनी पोट, बाजूला ट्रायपॉड अडकवायचे पट्टे, वर कंपनीचं नाव. त्यात निकॉनचा काळा-पिवळा पट्टा चेनमधून डोकावत असेल तर बोलायलाच नको. त्याऐवजी नुसता इन्सर्ट घ्या. म्हणजे कप्पे सरकवता येतात असा फोमचा मऊ डबा. तो सात-आठशेत येतो आणि कुठल्याही साध्या सॅकमध्ये बसतो. घ्यायच्या आधी घरी वर्तमानपत्र पसरा, त्यावर सगळं सामान जसं बॅगेत ठेवाल तसं मांडा, पेनाने कड काढा आणि तो कागद दुकानात घेऊन जा. मोठी लेन्स बॉडीला लावूनच ठेवायची सवय असेल तर तशीच मांडा, नाहीतर घरी आल्यावर झाकण लागत नाही.

आता सॅक कोणती? आपल्या भागात सगळ्यांच्या पाठीवर जी असते ती. माझी सॅक बियाण्याच्या एका कंपनीने शेतकरी मेळाव्यात फुकट वाटलेली, वडिलांना मिळालेली. त्यावर कापसाचं बोंड आहे, अर्धं पुसलेलं. सुरत-भुसावळ लाइनवर एका डब्यात अशा चार-पाच तरी सॅका दिसतात. एकदा शेजारच्या आजोबांनी विचारलं, "यामा काय शे रे भो?" म्हटलं, "डबा शे बाबा." त्यांनी निवांत त्यावर कोपर टेकवलं आणि धरणगाव येईपर्यंत डुलकी काढली. खाली सत्तर-दोनशे मिलिमीटरची मोठी लेन्स होती. इन्सर्टचा फोम किती दणकट आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पण दिसण्यापेक्षा चेन महत्त्वाची, आणि इथे बहुतेक जण फसतात. चेनच्या दोन रनरना छोटं कुलूप लावलं की काम झालं असं वाटतं. घरी एक प्रयोग करून बघा. नायलॉनची चेन पूर्ण बंद करा, रनर एकत्र बांधा आणि मधेच दातांवर बॉलपेनचं टोक जोर देऊन खुपसा. चेन उकलत जाते. आतलं काढून झालं की तेच बांधलेले रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले की चेन परत बंद, जणू काही झालंच नाही. पाठीवर बॅग आहे, डब्यात गर्दी आहे, तुम्हाला पत्ता लागतो तो दोन स्टेशनं मागे पडल्यावर. कुलूप लावू नका असं नाही, पण त्याने फक्त थोडा वेळ मिळतो.

म्हणून उघडायची बाजू पाठीला टेकलेली हवी. पाठीकडून उघडणाऱ्या लॅपटॉप बॅगा 'अँटी-थेफ्ट' म्हणून मिळतात, त्या चालतील. फक्त पातळ असतात, इन्सर्टची खोली बसते का ते तुमच्या कागदाबरोबर तपासा. मी मात्र जळगावला फुले मार्केटकडे एका चेन बदलणाऱ्याकडून माझीच सॅक करून घेतली. पुढची चेन आतून शिवून टाकली, पाठीकडे नवी बसवली. त्याने तीनदा विचारलं, भाऊ, उलटी बसवतोय, चालेल ना? समोर खोटी चेन दिसते, ओढणारा ओढत बसेल.

एसटीत बॅग मांडीवर. डिक्कीत नाही, वरच्या रॅकवर नाही, मागच्या सीटवर तर अजिबात नाही, कारण तिथले धक्के लेन्सचे स्क्रू ढिले करतात. आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली सवय आहे ना, तिथे रुमाल सापडला नाही म्हणून बॅग टाकणारा फोटोग्राफर मी चोपड्याच्या स्टँडवर डोळ्यांनी पाहिलाय.

रेल्वेत दाराजवळ आणि उघड्या खिडकीजवळ बसू नका. ओढाओढ होते ती गाडी हलली की लगेच. रात्रीचा प्रवास असेल तर खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्यातून साखळी घ्या. किंवा माझ्यासारखा बॅगेचा पट्टा पोटरीला एक वेढा देऊन ठेवा. सामान गेलं तर रेल्वे भरून देईल या भरवशावर राहू नका. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 100 प्रमाणे, सोबत नेलेलं, बुक न केलेलं सामान हरवलं तर रेल्वेचा हलगर्जीपणा आपल्याला सिद्ध करावा लागतो. बॉडी आणि लेन्सच्या सिरियल नंबरांचे फोटो आणि बिलं मेलवर टाकून ठेवा, एफआयआरला आणि विम्याला तीच कामी येतात. अस्तरात ब्लूटूथ टॅग, म्हणजे बॅग कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारी चकती, शिवलात तर चांगलंच, पण तो आजूबाजूच्या लोकांच्या मोबाइलवर चालतो. स्टेशनवर, बाजारात उपयोगाचा. धडगावकडे डोंगरात होळीचे फोटो काढायला गेलात तर त्याचा भरवसा धरू नका.

एवढं सगळं सांगितलं, पण माझा एकच फ्लॅश आजवर गेलाय आणि तो गाडीत नाही, मांडवात गेला. स्टेजच्या सोफ्यामागे बॅग ठेवली, हळद लागत होती, पोरंटोरं नाचत होती. वळून बघतो तर चेन उघडी. लग्नात प्रत्येक जण कुणाचा तरी पाहुणा असतो, कुणाला हटकणार? तेव्हापासून मांडवात दुसरी लेन्स आणि फ्लॅश कमरेच्या पाउचमध्ये, अंगावर. जवळजवळ रिकामी झालेली सॅक तेवढी बाजूला.

आणि साधी बॅग वापरण्याचाही एक तोटा आहे, तो कुणी सांगत नाही. शिंदखेड्याकडे एक लग्न होतं, नवरा शहाद्याचा. माझी बोंडवाली सॅक इतकी साधी की नवरीच्या मामांनी ती रुखवताच्या सामानात धरली आणि टेम्पोत चढवली. मी पंगतीचे फोटो काढतोय, टेम्पो निघाला. त्यात जुनी बॉडी आणि चार्जर होते. एका पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून दोंडाईचा ओलांडलं, टेम्पो सापडला सारंगखेड्याच्या पुलाच्या अलीकडे चहाला थांबलेला. सॅक पितळी हंडा आणि पापडाच्या डब्याच्या मधोमध, व्यवस्थित दोरीने आवळलेली. मामांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून मांडवात शिरलो की बॅगेला लाल नाडा बांधतो आणि घरच्यांना दाखवून ठेवतो. शिवाय ज्या खोलीत दागिने आणि आहेराची पाकिटं असतात तिथेच बॅग ठेवायला मागतो. त्या दाराशी एक आत्या बसलेली असते. तिच्या तोडीचं कुलूप मला अजून बाजारात दिसलेलं नाही.

ऊन-धुळीचं थोडं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा काळी सॅक घेऊ नका आणि बंद गाडीत तर बॅग सोडूच नका, बॉडीवरच्या रबराचा गोंद सुटतो. काळ्या मातीची धूळ चेनमध्ये बसते. ब्रशने झाडून मेणबत्ती घासा, रनर पळायला लागतो. पावसात कंपनीचं केशरी-पिवळं रेनकव्हर घातलंत तर लपवाछपवी सगळी वाया. खताच्या गोणीच्या आत जी प्लॅस्टिकची पिशवी असते ती धुऊन सॅकच्या आत घाला, इन्सर्ट त्यात. आणि घरी आल्यावर पावसाळ्यात सामान बॅगेतच राहू देऊ नका. फोम ओल धरतो, लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल, बस्स.

आता हिशेब. इन्सर्ट आठशे, चेन बसवायचे दोनशे, पाउच पाचशे. उरलेल्या अडीच हजारांत दोन चांगली मेमरी कार्डं घ्या. कॅमेरा गेला तर उधार-उसनवार करून नवा येतो, पण त्या लोकांचं लग्न परत लागत नाही. भरलेलं कार्ड बॅगेत ठेवू नका. छोट्या डबीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात. आतला खिसा नसेल तर ज्याने चेन बसवली त्यालाच शिवायला सांगा.