गिटार वाजते आत्ता, ऐकू येते नंतर

प्रश्न : मी घरीच गिटार रेकॉर्ड करतो. विंडोज लॅपटॉप, दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारी पेटी) आणि रेकॉर्डिंगचं रीपर सॉफ्टवेअर एवढं सामान आहे. गिटार इंटरफेसला जोडून ॲम्प सिम्युलेटर प्लगइनमधून, म्हणजे ॲम्पची नक्कल करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमधून ऐकतो. तार छेडली की आवाज जरासा मागून येतो. ड्रायव्हर ‘एएसआयओ फोर ऑल’ आहे, बफर ५१२. बफर ६४ केला की उशीर कमी होतो, पण कडकड सुरू होते. शिवाय रेकॉर्ड झालेली गिटार ड्रमच्या मागे पडलेली दिसते, ते वेगळंच. मित्र म्हणतात, लॅपटॉप बदल. बदलावा का?

उत्तर : लॅपटॉपचा विचार तूर्त बाजूला ठेवा. उशीर नेमका कुठे होतोय ते आधी पाहू, कारण बफर, म्हणजे संगणक एका वेळी जमवून पुढे पाठवतो तो आवाजाचा साठा, हा त्यातला एकच वाटा आहे.

४४,१०० सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके नमुने (सॅम्पल) घेताना, ५१२ सॅम्पल जमायला ११.६ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना तेवढे, बाहेर जाताना पुन्हा तेवढे, म्हणजे २३.२ झाले. त्यावर इंटरफेसमधल्या, आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचे आणि यूएसबी ड्रायव्हर खबरदारी म्हणून राखून ठेवतो त्या जादा बफरचे आणखी काही. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तुमची जाऊन-येऊन लेटन्सी (एकूण उशीर) २६-२७ मिलिसेकंद धरली, तर तुम्ही ॲम्पपासून नऊ मीटरवर उभं राहून वाजवताय. बफर १२८ वर आला की तेच दोन्ही वाटांचे मिळून ५.८ होतात आणि एकूण हिशेब १० च्या आसपास राहतो, म्हणजे ॲम्प साडेतीन मीटरवर. तेवढ्या अंतरावरून वाजवायची गिटारवादकांना सवय असते. त्यामुळे ६४ चा हट्ट सोडा, १२८ हे आपलं लक्ष्य.

हा उशीर मी इतका मनावर घेते, कारण तो हात बिघडवतो. कानाला आवाज मागून आला की हात नकळत पुढे पळतो किंवा थबकतो. पाम म्यूट केलेल्या, म्हणजे तळहाताच्या कडेने तार दाबून वाजवलेल्या जलद स्ट्रोकमध्ये हे सगळ्यात आधी दिसतं. सम चुकत नाही, पण मधले स्ट्रोक वेडेवाकडे पडतात. माझ्याकडे शिकणारी मुलं म्हणतात, ‘आज लयच बसत नाहीये.’ अशा वेळी मी आधी बफर बघते, मग त्यांचा हात.

आता ड्रायव्हर. श्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ आणलं ते विंडोजचा नेहमीचा लांबचा रस्ता टाळून सॉफ्टवेअरने थेट साउंड कार्डाशी बोलावं म्हणून. एएसआयओ फोर ऑल हा तुमच्या इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर नाही. तो विंडोजच्या नेहमीच्या (डब्ल्यूडीएम) ड्रायव्हरवर बसून एएसआयओसारखा वागतो. लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डाला तो फार उपयोगी आहे, पण इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर मिळत असेल तर तोच टाका आणि रीपरच्या ऑडिओ डिव्हाइस सेटिंगमध्ये तोच निवडा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच १२८ वर कडकड थांबते. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असतो, तिथे ही पायरी लागत नाही.

दुसरी जागा प्लगइनची, आणि इथे फार जण फसतात. प्लगइन स्वतःही उशीर करतात आणि बफर कितीही खाली आणला तरी तो जात नाही. रीपरमध्ये ट्रॅकच्या एफएक्सची (प्लगइनच्या साखळीची) खिडकी उघडलीत की खाली सीपीयूच्या आकड्याशेजारी सॅम्पलचा आकडा दिसतो, तो त्या साखळीचा उशीर. ॲम्प सिम्युलेटरचा बहुधा शून्य किंवा अगदी थोडा असतो; ओव्हरसॅम्पलिंग (प्लगइनने आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) चढवलं की वाढू शकतो. खरा चोर सहसा मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे असतो. पुढचं पाहून दाब देणारा लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर तिथे बसवलेला असतो आणि तुमची गिटार बाहेर पडायच्या आधी त्यातूनच जाते. ४,०९६ सॅम्पल अडवणारा इक्वलायझर एकटा ९३ मिलिसेकंद खातो! रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टर मोकळा ठेवा. मिक्सिंगला बसाल तेव्हा बफर १,०२४ करा आणि हवं ते लावा, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही.

यानंतरही १२८ वर कडकड राहिली तर प्रोसेसरला नावं ठेवण्याआधी लेटन्सीमॉन हे साधन चालवून पाहा. दुसराच एखादा ड्रायव्हर संगणकाला मध्येच अडवून धरतोय का, ते ते दाखवतं. वायफाय हा नेहमीचा संशयित आहे, वाजवण्यापुरता बंद करा. चार्जर लावलेला असू द्या, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. ड्रम आणि सिंथचे जड ट्रॅक फ्रीझ करून टाका, म्हणजे प्लगइनसकट तयार आवाजात बदलून ठेवा. हे सगळं करूनही १२८ झेपत नसेल, तर मग मित्रांचं ऐका. हेडफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथचा स्वतःचा उशीर सहसा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो, त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही.

राहिली ड्रमच्या मागे पडणारी गिटार. ही तक्रार तुम्ही वेगळी सांगितलीत ते बरं केलंत, कारण ती खरंच वेगळी आहे. ड्रायव्हर रीपरला सांगतो, ‘माझा उशीर इतका,’ आणि रीपर रेकॉर्ड झालेला आवाज तेवढा आधीच्या वेळेवर सरकवून जागेवर ठेवतो. ड्रायव्हरने आकडा कमी सांगितला, तर उरलेला फरक प्रत्येक टेकमध्ये तसाच राहतो. तो मोजता येतो. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटला लावा. इनपुट इन्स्ट्रुमेंटवर नव्हे, लाइनवर ठेवा, गेन खाली. डायरेक्ट मॉनिटर (आवाज संगणकात न जाता थेट इंटरफेसमधून ऐकवणारी सोय) आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग दोन्ही बंद करा, नाहीतर आवाज गोल फिरून किंकाळी फुटेल. एका ट्रॅकवर टोकदार क्लिक वाजवा, दुसऱ्यावर तो रेकॉर्ड करा आणि दोन्ही लाटा मोठ्या करून अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ४० सॅम्पल, म्हणजे एक मिलिसेकंदही नाही, सोडून द्या. ३०० निघाले तर ते ६.८ मिलिसेकंद झाले. घट्ट ठेक्यावर ते जाणवतात. रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये हाताने ऑफसेट देण्याची जागा आहे, तिथे तो आकडा भरा आणि क्लिक पुन्हा रेकॉर्ड करून खात्री करा. बफर किंवा सॅम्पल रेट बदललात तर ही मोजणी पुन्हा करा. संपूर्ण जाऊन-येऊन आकडा हवा असेल, तर ऑब्लिक ऑडिओचं आरटीएल युटिलिटी हे छोटं सॉफ्टवेअर याच केबलवर तो काढून देतं.

मोजूनही गिटार मागेच वाटली तर तो उशीर हाताचा आहे. तेव्हा मेट्रोनोम लावा.

प्रश्न : इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू केलं की उशीर जातो, पण स्वच्छ गिटार आणि इफेक्टची गिटार एकावर एक ऐकू येतात. यावर उपाय?

उत्तर : दोन्हींपैकी एकच ऐका. डिस्टॉर्शनवर वाजवताना स्वर किती लांबतो, कुठे दाबायचा, हे हात त्या आवाजावरूनच ठरवतो. तिथे डायरेक्ट मॉनिटर बंद ठेवून लेटन्सी कमी करणंच खरं. स्वच्छ गिटार वाजवत असाल तर उलट करा. मूळ आवाज डायरेक्ट ऐका आणि सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब येऊ द्या, त्याचा ड्राय (मूळ आवाजाचा) भाग पूर्ण बंद करून. रिव्हर्ब वीस मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही; कित्येकदा आपण तेवढा प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) मुद्दाम देतोच. जवळ मल्टी-इफेक्ट पेडल असेल तर त्यातून ऐका आणि जमल्यास कोरी (इफेक्ट न लावलेली) गिटार दुसऱ्या इनपुटवर घ्या. कोरा ट्रॅक हाती असला की ॲम्प नंतर कधीही बदलता येतो.

प्रश्न : सॅम्पल रेट ९६,००० केला तर लेटन्सी निम्मी होते असं ऐकलं. करू का?

उत्तर : बफरचा आकडा तोच राहिला तर त्याचा वाटा खरंच निम्मा होतो. ४८,००० वर १२८ सॅम्पलना २.७ मिलिसेकंद लागतात, ९६,००० वर १.३. पण ॲम्प सिम्युलेटरला दर सेकंदाला दुप्पट सॅम्पल हाताळावे लागतात, कडकड सुरू होते, तुम्ही बफर २५६ करता आणि पुन्हा २.७ वर येता. प्रोसेसर मोकळा असेल तर करून पाहा. नाहीतर ४८,००० वर १२८ ठेवा आणि वाजवायला लागा.