उंदरांना चरबीचं खाणं घालून हृदय बिघडतं का, हे एकोवर कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की उंदरांचा एको (हृदयाची सोनोग्राफी) कशाला करायचा, सरळ हृदय कापून पाहिलं तर जास्त कळणार नाही का? कापून पाहता येतं, पण एकदाच. आहाराचा परिणाम हळूहळू होतो. त्यामुळे तोच उंदीर आज, महिन्याने आणि चार महिन्यांनी कसा होता हे हवं असतं. शिवाय प्राणीही कमी लागतात. पीएचडीच्या काळात मी हेच काम केलं.

उंदराचं हृदय साधारण चवळीच्या दाण्याएवढं, आणि ठोके मिनिटाला ५०० ते ६००. माणसांच्या एकोचा प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचं ध्वनिलहरींचं उपकरण, २ ते ५ मेगाहर्ट्झचा असतो, तो इथे कुचकामी. आम्ही ३० ते ४० मेगाहर्ट्झचा वापरायचो. एवढ्या वारंवारतेच्या लहरी खोलवर जात नाहीत, पण उंदराचं हृदय कातडीखाली सेंटिमीटरभरही खोल नसतं. छातीवरचे केस क्रीमने काढायचे, गरम पाटावर उताणा झोपवायचा, पंजे ईसीजीच्या पट्ट्यांना चिकटवायचे, जेलसुद्धा कोमट करून लावायचं. गार जेल लावलंत तर ठोके लगेच उतरतात.

खरी मेख भुलीत आहे. आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू जरा जास्त झाला की हृदय मंदावतं आणि इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते, आपोआप खाली येतं. माझी पहिली अख्खी बॅच यातच गेली. चरबीवाल्या गटाचं पंपिंग कमी दिसलं म्हणून मी खुशीत गाईडना आलेख दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "ठोके किती होते?" बघते तर ३५०च्या आसपास. जाडे उंदीर हलत होते म्हणून मी भूल वाढवत गेले होते. आजार मीच तयार केला होता!

आणि गंमत म्हणजे निव्वळ चरबीच्या आहाराने पंपिंग बहुधा बिघडतच नाही. बिघडतं ते दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयाचं सैल पडणं, रक्त भरून घेणं. ते डॉपलरवर (रक्ताचा वेग मोजणाऱ्या एकोवर) रक्त भरतानाच्या ई आणि ए या दोन लाटांमधून कळतं. पण ठोके जलद असले की त्या दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात. म्हणजे पंपिंग मोजायला ठोके जलद हवेत आणि भरणं मोजायला जरा संथ. एकाच उंदरावर, एकाच भुलीत! दोन्ही वेळचे ठोके लिहिलेले नसतील तर त्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

'ब्लॉकेज' दिसतील अशी अपेक्षाही ठेवू नका. साध्या उंदराचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात त्यात, असतं, त्याच्या धमन्या सहसा तुंबत नाहीत. त्यासाठी एपोई हे रक्तातलं कोलेस्टेरॉल साफ करायला मदत करणारं जनुक काढलेले उंदीर लागतात. ते १९९२ मध्ये तयार झाले. २०१९ मध्ये टेक्सासच्या एका गटाने चरबीच्या आहारासोबत पिण्याच्या पाण्यातून एल-नेम नावाचं रसायन दिलं. त्याने रक्तदाब वाढतो. पाच आठवड्यांत हृदय ताठर झालं, पण इजेक्शन फ्रॅक्शन शाबूत राहिलं. लठ्ठपणा आणि रक्तदाब एकत्र असलेल्या कितीतरी माणसांत दिसतं, तसंच.

खाण्याबद्दल एक. ६० टक्के कॅलरी चरबीतून देणाऱ्या गोळ्या तेलकट आणि मऊ असतात, फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात, नाहीतर खवट होतात. तुलनेच्या गटाला मात्र रोजचं साधं खाद्य घालू नये. त्यात तंतू, सोयाबीन, सगळंच वेगळं असतं. मग फरक चरबीचा की सोयाबीनचा, कसं सांगणार? त्याच घटकांची, कमी चरबीची गोळी द्यावी.

आता, शेवटी उंदीर मारतात का? हो, मारतात. हृदय काढून वजन करतात. तिथेही एक चकवा आहे. हृदयाच्या वजनाला शरीराच्या वजनाने भागलं तर जाड्या उंदराचं हृदय उगाच लहान वाटतं. म्हणून नडगीच्या हाडाच्या लांबीने भागतात. चरबीने ते हाड काही लांबत नाही.