पत्र्याखालचा माळा: थर्मोकोल नको, ग्लासवूल फळ्यांवर अंथरा

विट्याजवळ घर, वर पत्रा, त्याखाली फळ्यांचा माळा, बारा बाय बाराची खोली आणि एक टनाचा एसी. तरी मे महिन्यात दुपारी खोली गार होत नाही, म्हणून पत्र्याला आतून थर्मोकोल चिकटवू का, असं तुम्ही विचारलंय.

थर्मोकोल पत्र्याला लावू नका. भर उन्हात पत्रा सहज ६० अंशांच्या वर जातो आणि थर्मोकोल ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणजे दोघांमध्ये फारसं अंतर उरत नाही. उंदीर तो पोखरतात. आग लागली तर पेटलेले थेंब खाली पडतात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला खोली गार ठेवायची आहे, माळा तापला तरी चालेल. म्हणून ग्लासवूलचा, म्हणजे काचेच्या तंतूंच्या कापसासारख्या गादीचा, थर फळ्यांवर अंथरा. हिशेब असा: माळ्यात ५० अंश आणि खोलीत २७ अंश धरले, तर नुसत्या इंचभर फळ्यांतून एवढ्या खोलीत साधारण ८०० वॅट उष्णता उतरते. एक टनाचा एसी ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याची जवळजवळ पाव ताकद छतापायीच जाते. वर ५० मिलिमीटर ग्लासवूल टाकलं की हीच उष्णता २०० वॅटच्या आत येते. आणखी ५० मिलिमीटर टाकलं तर जेमतेम शंभरेक वॅट वाचतात. त्यामुळे पहिला थर नीट बसवा, दुसऱ्याचं पैसे उरले तर बघू.

छत तापलेलं असेल तर ते वरून अंगावर उष्णता फेकत राहतं आणि हवा गार असूनही माणूस २२ अंशांवर एसी लावतो. छत निवलं की २६ अंशांवरही बरं वाटतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. तुमच्या बिलात खरा फरक इथे पडेल.

अंथरण्याआधी फळ्यांच्या फटी बुजवा, नाहीतर तंतू खोलीत गळतील आणि एसीची हवाही वर निसटेल. तोंडाला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. ग्लासवूलमध्ये काम करते ती आत अडकलेली हवा. त्यावर ट्रंका, धान्याची पोती रचून ते दाबलं की गुण गेला. सामान ठेवायचं असेल तर सुताराकडून थोडी उंच फळी मारून घ्या. वायरी थराखाली गाडू नका, विशेषतः जुन्या. त्या गरम होतात आणि उष्णतेला वाट मिळत नाही.

माळा मात्र कोंडू नका. वळचणीला खाली आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींत आढ्याजवळ जाळीच्या खिडक्या ठेवा, गरम हवा आपोआप वर निघून जाते. पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशने काढून, प्रायमर मारून वर पांढरा उष्णतारोधक रंग द्या. खर्चाच्या मानाने गुण देणारं यासारखं दुसरं काम नाही, आणि बजेट तोकडं असेल तर सुरुवात इथूनच करा. चमकदार फॉइल लावायचा विचार असेल तर पत्र्यापासून बोट-दोन बोट अंतर सोडून, चकाकणारी बाजू खाली करून लावा. वर केली तर धूळ बसते आणि चकाकी संपते.

पाटण, महाबळेश्वर भागातले कुणी हे वाचत असतील तर त्यांनी आधी गळती बंद करावी. ओलं ग्लासवूल उष्णता अडवत नाही, उलट फळ्या कुजवतं. आणि आटपाडी, जत, माणकडे ज्यांच्याकडे अजून जाड मातीचं माळवद शाबूत आहे, त्यांनी कृपा करून ते उतरवून पत्रा घालू नये. दुरुस्ती करा, पण ठेवा.

फळ्यांपासून आढ्यापर्यंतची उंची आणि दोन तुळयांमधलं अंतर कळवा, म्हणजे किती रोल लागतील ते सांगतो.