कुत्र्यासाठी फळं-भाज्यांची बिस्किटं घरी कशी भाजावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅब्रेडॉर दीड वर्षाचा, नसबंदी झालेला, वजन २८ किलो, घर शाकाहारी (अंडंसुद्धा नको), जवळ छोटा ओटीजी (विजेचा ओव्हन) आहे. विकतच्या बिस्किटांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून कंटाळा आलाय, म्हणून फळं-भाज्या घालून घरीच काही भाजता येईल का?

येईल. शंकरपाळी लाटता येत असेल तर निम्मं काम तुम्हाला येतंच. फक्त त्यात साखर नाही, तूप नाही आणि तळण नाही.

मी सांगलीत राहतो. आमची ठकी म्हणजे रस्त्यावरून आलेली गावठी कुत्री, १४ किलो, आता नऊ वर्षांची. पाचेक वर्षांपासून मी तिच्यासाठी भाजतोय. पण सुरुवात इतकी वाईट झाली की आधी तीच सांगतो. माणसांच्या ओट्स-कुकीजची कृती घेतली, साखर वगळली, केळं घातलं आणि 'जरा पौष्टिक' म्हणून मूठभर बेदाणे टाकले. आमच्याकडे तासगावहून पाहुणे आले की बेदाण्याची पिशवी येतेच, त्यामुळे ते डब्यात कायम असतात. ठकीने तीन कुकीज खाल्ल्या. नंतर सहज म्हणून डॉक्टरांना फोनवर कौतुकाने सांगितलं, तर ते म्हणाले, "आहात तसे उठा आणि तिला घेऊन या." तासाभराच्या आत पोचलो म्हणून उलटी करवता आली. मग सलाईन, दोन दिवस लागोपाठ रक्त काढून क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात ना याची, तपासणी. ठकी वाचली, मूत्रपिंडांनाही काही झालं नाही. मी मात्र तेव्हापासून कणकेच्या डब्याशेजारी बेदाण्याचा डबा ठेवत नाही.

द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात आणि किती खाल्ल्यावर पडतील याचा हिशेब लागत नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेही भोवतात. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. मुलांना खेळायला घरी मळलेला पिठाचा रंगीत गोळा (प्ले-डो) खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यावरून त्यांना हा धागा सापडला. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं. म्हणजे बेकिंगच्या सामानातली ही पूडसुद्धा कुत्र्यासाठी बाद. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा आमटीत कुस्करलेली भाकरी हा आपला जुना शिरस्ता मोडलेला बरा. आणि भाजल्याने हे विष जात नाही.

कांदा-लसणाचंही तसंच. कच्चा, शिजवलेला, वाळवून पूड केलेला, कोणताही कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आमच्या भागात प्रत्येक भाजीत कांदा-लसूण मसाला असतो, म्हणून 'कालची उरलेली भोपळ्याची भाजी पिठात मळू' हा विचार मनात आला तरी झटकून टाका. भाजी वेगळी, फोडणीशिवाय, मिठाशिवाय उकडायची. जायफळ, चॉकलेट, कोको, ॲव्होकॅडो हेही नको. शेंगदाण्याचं बटर विकतचं वापरणार असाल तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे पाहून घ्या. साखरेऐवजी वापरतात ते हे गोडवण. कुत्र्याची रक्तातली साखर ते अर्ध्या तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं. आपल्याला बटर हवंच कशाला म्हणा, घरात शेंगदाण्याचं कूट असतं. फक्त दाणे खवट किंवा बुरशीचा वास येणारे नकोत. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याच्या यकृताला माणसापेक्षाही जास्त बाधतं.

आता भाज्या. लाल भोपळा हा माझा पहिला नंबर. स्वस्त, गोडसर, पिठात मिसळतो आणि त्यातल्या चोथ्याने पोटाला आराम पडतो. दुसरं रताळं, तिसरं गाजर. फरसबी चालते, पण ती बिस्किटात घालण्यापेक्षा उकडून नुसती दिलेली बरी. दुधी घालायचा तर आधी स्वतः चाखा. कडू निघाला तर सरळ फेकून द्या, तो माणसालाही विषारी असतो. बीट चालतं, रंगही सुरेख येतो, पण दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली की घरात पळापळ होते. (कुत्र्याच्या बिस्किटात बीट ही काही नवी कल्पना नाही. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने पहिली कारखानी कुत्रा-बिस्किटं विकायला काढली, त्यात गहू, मांस आणि बीट होतं.) ज्या कुत्र्याला ऑक्झलेटचे मूतखडे झालेत त्याला मात्र बीट, पालक, रताळं नको.

फळांत सफरचंद आणि केळं भाजण्याजोगी. सफरचंदाच्या बिया काढा, त्यातून सायनाइड तयार होतं. एखादी बी गिळली म्हणून काही होत नाही, पण काढायला काय जातं? कलिंगड, पपई बिया काढून खायला चांगली, पण ओव्हनमध्ये त्यांचं नुसतं पाणी होतं. उन्हाळ्यात कलिंगडाचे तुकडे बर्फाच्या साच्यात गोठवून द्या. आंब्याचा रस पिठात मी एकदा घातला होता. रंग आला, चव आली, पण बिस्किटं काही केल्या कुरकुरीत झाली नाहीत आणि तिसऱ्या दिवशी चिकट झाली.

इथेच या कामातली खरी मेख आहे. फळ-भाजी म्हणजे पाणी. लाल भोपळ्यात दहातले नऊ भाग पाणीच असतं. साखर आणि मीठ नसल्यामुळे बिस्किट टिकवणारं काहीच आत नसतं, फक्त कोरडेपणा असतो. माझी दुसरी खेप वरून छान तांबूस दिसत होती. मी डब्यात भरली. आषाढ होता. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर हिरवी लव आलेली. तेव्हापासून मी दोनदा भाजतो: एकदा शिजवायला, दुसऱ्यांदा वाळवायला.

कृती अशी. लाल भोपळा सालीसकट वाफवून घ्या, पाणी घालून शिजवू नका. साल काढून गर चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा. एक वाटी गर जाड बुडाच्या पातेल्यात गरम करा, कडेने बुडबुडे आले की दीड वाटी ज्वारीचं पीठ एकदम घाला, ढवळा, झाकण ठेवा, गॅस बंद. ही उकड. पहिल्यांदा मी थंड गरात ज्वारीचं पीठ मळलं होतं आणि लाटताना त्याचे नकाशे होत होते. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "भाकरीचं पीठ विरी गेलं की काय करतो आपण? उकड काढ की." ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम ओल मिळाली की तिच्यातला स्टार्च फुगतो आणि पीठ धरतं. अंड्याची गरज इथेच संपली.

उकड कोमट झाली की त्यात अर्धी वाटी कणिक आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट घालून घट्ट मळा. पाणी सहसा लागत नाही, लागलंच तर चमचा-दोन चमचे. सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट काही नको, फुगवायचंच नाहीये. आणि यीस्टचं कच्चं पीठ कुत्र्याने पळवलं तर ते पोटात फुगतं आणि त्याचं मद्यही होतं. दोन गोळे करून पोळीपेक्षा जाड, साधारण अर्धा सेंटीमीटर लाटा आणि कातण्याने शंकरपाळ्यांसारखे कापा. अंगठ्याच्या नखाएवढे. हाडाच्या आकाराचे साचे मिळतात, ते आपल्या फोटोसाठी. कुत्रं आकार बघत नाही, किती वेळा मिळालं ते बघतं.

ओटीजी दहा मिनिटं तापवून १६० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, मधल्या कप्प्यात २५ मिनिटं. मग सगळी उलटा आणि १०० अंशांवर आणखी ४० ते ५० मिनिटं. बंद करून आतच गार होऊ द्या. गार झाल्यावर एक मोडून बघा. 'कट्' आवाज आला पाहिजे. वाकलं, किंवा आत जरा गडद ओलसर रेघ दिसली, तर परत आत. ओटीजी बिघडला किंवा वीज गेली तर जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड आणि ताट ठेवून, झाकण घालून मंद आचेवर पस्तीसेक मिनिटांत पहिलं भाजणं होतं. दुसरं वाळवणं मात्र कढईत नीट होत नाही, झाकणाला वाफ धरते. ती बिस्किटं मऊच राहतात, फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

रताळ्याचे काप याहून सोपे. सालीसकट पाव इंच जाड उभे काप, किंचित वाफवून, ९० ते १०० अंशांवर तीन तास, मध्ये एकदा उलटून. चामट होतात आणि लॅब्रेडॉरसारख्या घाईने गिळणाऱ्यालाही थोडं चावायला लावतात. एप्रिल-मे मध्ये मी हे गच्चीवर सांडग्यांशेजारी वाळवतो, वर मलमल टाकून, आणि शेवटी अर्धा तास ओव्हनमधून काढतो. देताना समोर बसा. मोठा तुकडा तसाच गिळायला लागला तर काढून घेता आला पाहिजे.

किती द्यायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण बहुतेक जण चुकतात ते इथेच. खाऊ दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. तुमच्या २८ किलोच्या, नसबंदी झालेल्या लॅब्रेडॉरला दिवसाला साधारण १३०० ते १४०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला १३०-१४०. वरच्या एका खेपेत सगळ्या मिळून हजारेक कॅलरी आहेत. शंभर तुकडे पाडले तर एक तुकडा दहाचा. म्हणजे दिवसाला तेरा, आणि त्यातही घरातल्या कोणी जेवताना पोळीचा तुकडा टाकला तर तो त्याच हिशेबात. एका पोळीच्याच शंभर होतात. लॅब्रेडॉर ही जात मुळात सुटणारी, त्याच्या डोळ्यांत बघून हिशेब करू नका. ठकीला आठ मिळतात, ती नववं मागते.

तुपाबद्दल एक वाक्य, कारण ते कोणीतरी सुचवणारच. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट मला फार आवडते. पण ठकीमागे मी वाटी घेऊन धावत नाही. जास्त स्निग्ध खाण्याने कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणं वाईट असतं. गूळही नको. कुत्र्याला गोड चव कळते, भोपळ्याची गोडी त्याला पुरते.

'शाकाहारी खाणं कुत्र्याला पचतं का' असं तुम्ही शेवटी विचारलंय. पीठ पचतं. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या स्वीडिश संशोधनात दिसलं होतं की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यात कितीतरी जास्त. माणसाच्या चुलीजवळ राहून झालेला हा बदल. पण मी सांगतोय तो खाऊ आहे, जेवण नव्हे. रोजचं जेवण पूर्ण शाकाहारी करायचं असेल तर ते अंदाजाने करू नका, तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधं चालू असतील तर बिस्किटांचंही आधी विचारा.

साठवण: उन्हाळ्या-हिवाळ्यात कोरड्या काचेच्या बरणीत दोन आठवडे. पावसाळ्यात बरणी विसरा, सगळं फ्रीजरमध्ये टाका, दोन-तीन महिने राहतं. मी सकाळी आठ तुकडे काढून वाटीत ठेवतो, नाश्ता होईपर्यंत ते मोकळे होतात.

पहिल्या आठवड्यात एकच भाजी वापरा, म्हणजे अंगाला खाज आली किंवा पोट बिघडलं तर कशाने ते कळेल. पहिल्या दिवशी दोनच तुकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला न्याल तेव्हा शी बघा. गाजर घातलं असेल आणि केशरी कण जसेच्या तसे दिसले तर घाबरू नका, पुढच्या वेळी गाजर बारीक किसणीवर किसा आणि आधी वाफवा.