हात दाखवा, पाय उचला

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि वाहनचालक

रोजच्या वापरातली गाडी घेऊन शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसांविषयी, म्हणजे ट्रॅक डेविषयी, येणारी पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांपैकी एकमेकांना वाट देण्याघेण्याशी संबंधित चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आहे. काही मित्रांबरोबर मी प्रथमच चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील ट्रॅकवर जाणार आहे. मित्रांच्या गाड्या माझ्या गाडीपेक्षा बऱ्याच ताकदवान असल्यामुळे मी त्यांच्या वाटेत येईन, अशी धास्ती वाटते. मागून वेगवान गाडी आली की नेमके काय करायचे? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुम्ही वाटेत येणारच, आणि त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. तो ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे. समजा, तुमची फेरी अडीच मिनिटांची आणि मित्राची दोन मिनिटांची झाली, तर तुमच्या ४ फेऱ्या होतात तेवढ्या १० मिनिटांत त्याच्या ५ होतील. म्हणजे २० मिनिटांच्या सत्रात तो तुम्हाला दोनदा गाठणार, हे तुम्ही दोघे ट्रॅकवर उतरण्यापूर्वीच ठरलेले असते. शर्यतीत मागच्या ड्रायव्हरने फट शोधून घुसायचे असते. ट्रॅक डेला क्रमांक नसतात आणि बक्षीसही नसते, त्यामुळे पुढच्या ड्रायव्हरने परवानगी दिल्याखेरीज मागच्याने पुढे जायचे नाही, हा नियम निदान नवशिक्यांच्या गटात तरी बहुतेक ठिकाणी पाळला जातो. ही परवानगी हाताने द्यायची असते आणि तिला पॉइंट-बाय म्हणतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे उजवा हात खिडकीबाहेर काढून आडवा दाखवला की ‘माझ्या उजवीकडून जा’ आणि तोच हात टपावरून डावीकडे दाखवला की ‘डावीकडून जा’, असा त्याचा अर्थ होतो.

काही आयोजक खिडक्या बंद ठेवायला सांगतात आणि इंडिकेटरने वाट देण्याची पद्धत ठरवतात. अशा वेळी कोणत्या बाजूच्या इंडिकेटरचा अर्थ काय, हे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये विचारून पक्के करून घ्या, कारण आपल्या महामार्गांवर ट्रकचा उजवा इंडिकेटर कधी ‘मी उजवीकडे येतो आहे’ असे सांगतो, तर कधी ‘तुम्ही पुढे व्हा’ असे, आणि त्यातले नेमके कोणते, याचा अंदाज बांधण्यात आपण सारे तरबेज झालो आहोत. हे कौशल्य ट्रॅकवर घेऊन जाऊ नये.

हात दाखवला म्हणजे काम झाले, असे नवे ड्रायव्हर समजतात आणि तेथेच गडबड होते. हात दाखवल्यानंतर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायला हवा. असे धरा की मागची गाडी तुमच्या १५ मीटर मागे आहे. ती तुमच्या पुढे जाऊन सुरक्षित अंतरावर आपल्या रेषेत येईपर्यंत तिला तुमच्यापेक्षा सुमारे ३० मीटर अधिक अंतर कापावे लागेल. दोन्ही गाड्यांच्या वेगांत ताशी १० किलोमीटरचाच फरक असेल, तर त्याला जवळजवळ ११ सेकंद लागतात, आणि ताशी १४० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्या वेळात ४०० मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. इतका लांब सरळ पट्टा बहुतेक ठिकाणी शिल्लकच नसतो. हाच फरक पाय उचलून ताशी ३० किलोमीटरचा केला, तर साडेतीन-चार सेकंदांत आणि दीडशे मीटरच्या आत सगळे उरकते. हात दाखवून पाय मात्र तसाच दाबून ठेवला, तर दोन्ही गाड्या पुढच्या वळणाच्या तोंडाशी शेजारीशेजारी पोहोचतात आणि ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण शब्दशः खरी ठरते. मात्र पाय उचला म्हणजे ब्रेक दाबा, असे नव्हे; मागच्या ड्रायव्हरला तुमचे ब्रेकचे दिवे अनपेक्षित जागी दिसता कामा नयेत.

गाडी बाजूला घेऊन वाट करून देण्याची आपली रस्त्यावरची सवयही येथे आवरायला हवी. तुम्ही ज्या रेषेत जात आहात त्याच रेषेत राहा आणि बाहेरून वळसा घालून जाण्याचे काम मागच्यावर सोपवा. तुम्ही भल्या हेतूने अचानक डावीकडे सरकलात आणि त्याच क्षणी तोही डावीकडून निघाला, तर पुढचे सांगायला नको. प्रत्येक गाडीला वेगळा हात दाखवायचा असतो. मागे तिघे असतील, तर तीनदा दाखवा आणि तिघांना पुरेल एवढा पट्टा उरला नसेल, तर तिसऱ्याला पुढच्या पट्ट्यापर्यंत थांबवा. दुसऱ्या गाडीला दाखवलेल्या हातावर तिसऱ्याने निघून जाणे ही ट्रॅकवरची सर्वांत सर्रास आढळणारी आगळीक आहे.

इतके सगळे करूनही एखादी गाडी तुमच्या लक्षात आली नाही, तर ट्रॅकच्या कडेला उभे असलेले सुरक्षा-कर्मचारी, म्हणजे मार्शल, निळा झेंडा दाखवतात. तो दिसला की गडबडून जाऊ नका. वळण नीट पुरे करा आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर हात दाखवा. पुढे धोका असल्याचे सांगणारा पिवळा झेंडा असेल तेथे मात्र कोणीही कोणाला वाट द्यायची नाही आणि मागायचीही नाही.

प्रश्न : ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर माझ्या हलक्या गाडीच्या पुढे एक मोठी, शक्तिशाली जर्मन सेडान होती. सरळ पट्ट्यावर ती सुसाट निघून जाई आणि प्रत्येक वळणात मला अडवी. पूर्ण सत्र संपले तरी त्या गृहस्थांनी हात दाखवला नाही. अशा वेळी डिपर द्यावा का, हॉर्न वाजवावा का, की सरळ आतून घुसावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटचा पर्याय मनातून काढून टाका. वळणापूर्वी ब्रेक दाबण्याच्या टप्प्यात पुढचा ड्रायव्हर आरशात पाहत नसतो आणि आतल्या बाजूला कोणी असेल, अशी त्याची कल्पनाही नसते. तो आपल्या नेहमीच्या रेषेवर आत वळेल आणि तुमचे पुढचे चाक त्याच्या दारात जाईल. परवानगी दिलेली नसल्यामुळे त्या धडकेचा सर्व दोष तुमच्याकडे येईल. हॉर्न हेल्मेटमध्ये आणि इंजिनाच्या आवाजात बहुधा ऐकूच जात नाही. डिपर चालतो की नाही, हे आयोजकांना विचारावे. पण चालत असला तरी तो ‘मी येथे आहे’ एवढे कळवण्यापुरताच एकदा द्यावा. एक्सप्रेसवेवर उजव्या लेनमध्ये मागे चिकटून डिपरचा भडिमार करणाऱ्यांविषयी आपण जे बोलतो, तेच येथेही लागू आहे.

त्या सेडानच्या ड्रायव्हरने तुम्हाला मुद्दाम अडवले, असे मला वाटत नाही, आणि हे त्यांची बाजू घेण्यासाठी म्हणत नाही. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे आणि त्याच्या तिसऱ्या व चौथ्या वळणांमध्ये सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. मोठ्या इंजिनाच्या गाडीचा ड्रायव्हर आरशात पाहतो ते अशाच पट्ट्यावर, कारण तेथे त्याला सवड असते. आणि नेमके तेव्हाच तुम्ही आरशात लहान-लहान होत चाललेले असता. वळणात तुम्ही त्याला गाठता तेव्हा त्याची नजर समोर असते. परिणामी तो प्रामाणिकपणे असे समजतो की मागचा मनुष्य सारखा मागे पडतो आहे. फेरी कोण लवकर पुरी करतो, हा प्रश्नच त्याच्या मनात येत नाही. यावरचा उपाय मोठ्या गाड्यांच्या मालकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे : वळणातून बाहेर पडून पट्ट्यावर येताच, वेग पूर्ण वाढण्याच्या आधी आरशात पाहावे, आणि जी गाडी तेथे जवळ दिसते ती एका फेरीनंतर पुन्हा तेथेच दिसली, तर तिला वाट द्यावी. अशा वेळी पाय उचलण्याची जबाबदारी ताकदवान गाडीवर अधिक असते, कारण तिने तो उचलला नाही, तर हलकी गाडी दाखवलेल्या हाताचा उपयोगच करू शकत नाही.

तुमच्यापुरते सांगायचे, तर वळणात तीन-चार गाड्यांइतके अंतर राखा आणि बाहेर पडताना त्याच्या आरशात दिसाल अशा जागी या. दोन फेऱ्यांत काही घडले नाही, तर पिट लेनमधून, म्हणजे गाड्या ट्रॅकवरून आत घेण्याच्या बाजूच्या वाटेवरून, एक चक्कर मारून पुन्हा बाहेर पडा. पुढे मोकळा ट्रॅक मिळेल आणि डोकेही शांत राहील. सत्र संपल्यावर तक्रार आयोजकांकडे करा. हेल्मेट नुकतेच उतरवलेल्या, घामाघूम माणसाच्या गाडीपाशी जाऊन वाद घालण्यातून काही निष्पन्न होत नाही. तक्रार रास्त वाटली, तर अशा ड्रायव्हरला पुढच्या सत्रात काळा झेंडा दाखवून आत बोलावता येते किंवा दुसऱ्या गटात टाकता येते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला राहतो. न्युर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या शर्यतीच्या ट्रॅकच्या नॉर्डश्लायफ या लांब मार्गावर स्वतःची गाडी चालवण्याची इच्छा आहे. तेथेही हात दाखवण्याचीच पद्धत आहे का? — एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : नाही. सामान्य जनतेसाठी खुल्या असलेल्या वेळांत तो सुमारे २०.८ किलोमीटरचा मार्ग कायद्याने टोल भरून वापरायचा एकेरी रस्ता मानला जातो आणि त्याला जर्मनीचे वाहतूक नियम लागू होतात. ओव्हरटेक डावीकडूनच करायचे असते. परवानगीची वाट पाहायची नसते, पण सावकाश जाणाऱ्याने उजवीकडे राहणे अपेक्षित असते. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर लावून ‘मी तुम्हाला पाहिले आहे आणि उजवीकडेच राहणार आहे’ असे कळवण्याची रीत तेथे रूढ आहे. भारतात ट्रकमागे गाडी चालवलेल्या माणसाला तो इंडिकेटर पाहून आधी उलटाच अर्थ सुचतो, म्हणून पहिली फेरी मुद्दाम हळू मारा आणि इतरांचे इशारे पाहा. फेरीची वेळ मोजण्याची तेथे मनाई आहे. लोखंडी कठड्याला धक्का लागला, तर त्याच्या दुरुस्तीचे बिल तुमच्या नावे येते. आयोजक मार्ग भाड्याने घेऊन भरवतात ते बंदिस्त ट्रॅक डेही तेथे होतात. त्यांचे नियम वेगळे असतात आणि ते त्या-त्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये सांगितले जातात.

प्रश्न : वाट देताना-घेताना दोन गाड्या घासल्या, तर भरपाई कोणी द्यायची? माझ्या गाडीचा सर्वसमावेशक विमा आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्याची गाडी, त्याचा खर्च, असाच बहुतेक ट्रॅक डेंचा संकेत आहे आणि प्रवेशापूर्वी तुम्ही ज्या हमीपत्रावर सही करता त्यात तो बहुधा लिहिलेला असतो. मागून येणाऱ्याची चूक असली, तरी त्याने पैसे देणे हा त्याच्या सौजन्याचा भाग राहतो. विम्यावर विसंबू नका. भारतातील खासगी मोटारीच्या पॉलिसीत वाहन कशासाठी वापरता येईल याचे एक कलम असते आणि आयोजित शर्यत, वेगाची चाचणी व तत्सम वापर त्यातून वगळलेला असतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हा युक्तिवाद तुम्ही कराल. विमा कंपनीचा सर्वेक्षक तो मान्य करील, असे गृहीत धरू नका. कंपनीला ई-मेलने स्पष्ट प्रश्न विचारा, तिचे लेखी उत्तर जपून ठेवा आणि उत्तर नकारार्थी आले, तर गाडीचे मोठे नुकसान स्वतःच्या खिशातून भरून काढता येईल का, याचा विचार ट्रॅकचे शुल्क भरण्याआधी करा. धडक किरकोळ वाटली तरी त्याच फेरीत सावकाश पिट लेनमध्ये या, दुसऱ्या गाडीलाही येऊ द्या आणि सुटू पाहणारा बंपर किंवा टायरला घासणारा पत्रा तपासून घेतल्याखेरीज पुन्हा ट्रॅकवर जाऊ नका, कारण तुमच्या गाडीचा तुकडा ट्रॅकवर पडला, तर मागून येणाऱ्या गाड्यांना तो चुकवण्यासाठी फारच थोडा वेळ मिळतो.