कॅमेऱ्याला आधी इरलं घाला, बॉडीचं नंतर बघू

या महिन्यात आलेली जवळजवळ सगळी पत्रं पावसातली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी "कुठला कॅमेरा घेऊ" एवढंच विचारलंय, कुठे जाणार, पाठीवर किती वजन झेपतं, फोटो जास्त की व्हिडिओ, यातलं काहीच लिहिलं नाही. ज्यांनी लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेते, बाकीच्यांनी पुन्हा लिहा.

ताई, मी डोंबिवलीचा, शनिवार-रविवार ग्रुपबरोबर ट्रेक करतो. यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचेत आणि फोटोही चांगले हवेत. बजेट ८० हजार. दुकानदार म्हणतो सोनी झेडव्ही-ई१० सोबत मिळणाऱ्या किट लेन्ससकट घे, मित्र म्हणतो थांब, पैसे साठव आणि डायरेक्ट फुल फ्रेमच घे. जुलैत हरिश्चंद्रगड, मग अंधारबन आणि देवकुंड ठरलंय. काय करू?

आधी देवकुंडचं सांगते, तिथे पावसाळ्यात बऱ्याचदा प्रशासनाची बंदी असते, निघण्याआधी चौकशी कर, उगाच पोलिसांनी परत पाठवलं तर कॅमेरा बॅगेतच राहील.

आता मित्राचं. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, वाईट नाहीच, पण जरा वजनाचा हिशोब कर. सोनी ए७ थ्री ची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, ६५० ग्रॅम आणि तिच्यावर कंपनीची पहिली २४-७० एफ/२.८ लेन्स ८८६ ग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या वर नुसता गळ्यात लोंबणारा ऐवज, त्यात पाणी, डबा, कोरडे कपडे, आणि हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने चढणार असशील तर दोन्ही हात दगडाला लागतात. अशा वेळी कॅमेरा बॅगेत जातो आणि माथ्यापर्यंत तिथेच राहतो. झेडव्ही-ई१० किट लेन्ससकट साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, तो निदान बाहेर तरी निघेल. आणि यूट्यूबवर मोबाईलच्या स्क्रीनवर बघणाऱ्याला सेन्सर केवढा होता ते कळत नाही, लेन्सवर थेंब होता ते मात्र पहिल्या सेकंदाला कळतं.

पण म्हणून दुकानदाराचं ऐकून लगेच पैसे मोजू नकोस, कारण त्याने तुला तीन गोष्टी बहुतेक सांगितल्या नसणार. एक, झेडव्ही-ई१० ला वेदर सीलिंग, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ न देणारी बंदिस्ती, नाही, किट लेन्सलाही नाही, म्हणजे घाटातल्या आडव्या पावसात तो उघडा धरायचाच नाही. दुसरं, बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा हादरा शोषून घेणारी सोय, नाही, जे आहे ते लेन्समधलं आणि सॉफ्टवेअरचं, आणि सॉफ्टवेअरचं चालू केलं की फ्रेम आणखी आत येते, हात लांब करून स्वतःकडे कॅमेरा धरलास की सगळ्या फ्रेमभर तुझंच तोंड, मागचा कडा गायब. तिसरं, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, ढगाळ हवेत चालून जातं, पण सप्टेंबरच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही.

मी काय करेन सांगते. जून ते सप्टेंबर चालतानाचे व्हिडिओ ॲक्शन कॅमेऱ्यावर. गोप्रो वेगळी केस न लावता १० मीटर पाण्यात चालतो, डीजेआयचा ॲक्शन ४ तर १८ मीटर, म्हणजे धबधब्याखाली धरला तरी फिकीर नाही. त्यांची अडचण एकच, पुढच्या काचेवर थेंब बसला की अख्खा शॉट वाया, त्यामुळे सवय लाव, रेकॉर्डच्या आधी काच पुसायची. (जुने सर्फर लोक काच चक्क चाटतात, पाण्याचा थेंब न होता पातळ थर पसरतो आणि चित्र साफ येतं. दिसायला बावळट दिसतं, पण चालतं.) मोबाईल चांगला असेल तर फोटोसाठी पहिलं वर्ष तोच वापर, फक्त ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, तेव्हा शटरसाठी व्हॉल्यूमचं बटण वापरायचं. आणि मोबाईलवर आयपी६८, म्हणजे पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा, लिहिलंय म्हणून कुंडात बुडवू नकोस, ती टेस्ट लॅबमधल्या गोड्या स्वच्छ पाण्यात केलेली असते, आत पाणी गेलं तर कंपन्या साधारणपणे वॉरंटीत घेत नाहीत.

मिररलेस, म्हणजे झेडव्ही-ई१० सारखा लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आत्ताच हवा असेल तर सेकंडहँड सीलिंगवाली बॉडी बघ. फुजीची एक्स-टी३ २०१८ ची आहे पण सील्ड आहे आणि व्हिडिओ अजूनही झकास देते. मात्र इथे लोक हमखास फसतात, बॉडी सील्ड आणि तिच्यावर लावलेली १८-५५ सील्ड नाही, मग पाणी लेन्स बसते तिथल्या माउंटच्या फटीतून नाहीतर झूमच्या नळीतून जायचं ते जातंच. १६-८० किंवा १८-१३५, ज्याच्या नावात डब्ल्यूआर, म्हणजे वेदर रेझिस्टंट, आहे, असंच काहीतरी हवं. सेकंडहँड घेताना दुकानात तीनच गोष्टी कर, लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून तिरकं बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर हात जोडून बाहेर पड. एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघ. आणि बॅटरीचं झाकण उघडून पत्र्यांवर हिरवट गंज आहे का बघ, असेल तर तो कॅमेरा कुठेतरी पाणी पिऊन आलाय. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाझार भागात एका फेरीत बरंच काही हातात घेऊन बघता येतं, ऑनलाइनच्या फोटोवर भरोसा ठेवू नकोस.

आणि ८० हजारातले आठ-दहा हजार आधीच बाजूला काढून ठेव, मी तर म्हणेन बॉडी ठरायच्या आधी. शेतात लावणी करणाऱ्यांच्या डोक्यावरचं इरलं असतं ना, मागून पाठ झाकलेली आणि पुढून हात मोकळे, कॅमेऱ्यालाही नेमकं तेच पाहिजे. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घे, तळाला लेन्सच्या मापाचं भोक पाड, लेन्स हुड त्यातून बाहेर काढून रबर बँडने आवळ, मागून हात आत घाल, झालं, पन्नास रुपयांत काम. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नकोस, पाणी पाठीच्या बाजूने पट्ट्यांतून झिरपतं, वर घामही असतो, त्यामुळे सॅकच्या आत ड्राय बॅग आणि तिच्यात कॅमेरा. पुसायची फडकी तीन-चार, प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत, कारण एकदा ओलं झालेलं फडकं फक्त पाणी पसरवतं. उरलेल्या पैशात पोलरायझर फिल्टर घे. लोकांना वाटतं तो निळ्या आभाळासाठी असतो, पण ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चकाकी तो काढतो आणि खालचा खरा हिरवा रंग वर येतो, सह्याद्रीत पावसाळ्यात याच्याइतकी किमतीला पुरून उरणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. उजेड मात्र दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे गर्द झाडीत काढून ठेव.

धुक्यात कॅमेरा फोटो राखाडी काढतो, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वर ने, धुकं पांढरं दिसेल.

मॅडम, मी कोल्हापूरचा निवृत्त शिक्षक. कासला फुलांच्या दिवसांत जाणार आहे. एंट्री लेव्हल डीएसएलआर आणि १८-५५ आहे. फुलं जवळून घ्यायला मॅक्रो लेन्स घ्यावी का? गुडघे फार वाकत नाहीत.

सर, गुडघ्यांचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण कासचा सगळा खेळ जमिनीलगतचा आहे. सीतेची आसवं म्हणजे जेमतेम सेंटीमीटरभराचं निळं-जांभळं फूल, दवबिंदूच्या झाडावरचे चिकट थेंब तर त्याहून बारीक, कवला त्या मानाने जरा मोठा, पिवळा, ज्याला हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत हे सगळं रंगीत भाजी मंडईसारखं सपाट येतं.

लगेच मॅक्रो लेन्स घेऊ नका. एक्स्टेंशन ट्यूब मिळते, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ रिंग, आत काच नसते त्यामुळे स्वस्त, फक्त इलेक्ट्रॉनिक पिना असलेलीच घ्या नाहीतर ॲपर्चर बदलता येणार नाही. ५५ एमएमवर १२ किंवा २० एमएमची ट्यूब लावली की फूल छान मोठं येतं. तुमच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर वळत असेल तर प्रश्नच मिटला, लाइव्ह व्ह्यू चालू करून कॅमेरा छोट्या तांदळाच्या पिशवीवर जमिनीलगत ठेवा आणि तुम्ही बसूनच वरून बघा. वळत नसेल तर मोबाईलला जोडणारं कंपनीचं ॲप वापरा. वारा असतोच, १/२५० च्या खाली शटर नेऊ नका, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, वाढला तर वाढू द्या.

पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि हंगामात ऑनलाइन बुकिंग लागतं, शनिवार-रविवार टाळा. फुलांमध्ये पाय टाकू नका, पहिल्या फुलाकडे जाताना पायाखाली पन्नास जातात, आणि चांगली फुलं रस्त्याच्या कडेलाही असतातच.

मी रत्नागिरीचा, रत्नदुर्गावर आणि किनाऱ्यावर उभा राहून बोलतो, घरी येऊन बघतो तर नुसतं घूंऽऽ. नवीन कॅमेरा घेतला तर आवाज सुधारेल?

नाही. कॅमेरा तोच ठेव आणि वायरलेस कॉलर माइक घे, त्याच्यावर केसाळ टोपी हवीच, काळा फोम समुद्राच्या वाऱ्यापुढे टिकत नाही. माइक रेनकोटला लावलास तर तुझ्या बोलण्यापेक्षा रेनकोटची कुरकुर जास्त ऐकू येईल, म्हणून आतल्या टी-शर्टला लावून वरची चेन थोडी उघडी ठेव. वाऱ्याकडे पाठ करून बोल, तुझं अंगच आडोसा होतं. टोपी भिजली की तिचा उपयोग संपतो, दुसरी खिशात ठेव. आणि किनाऱ्यावरून आलास की कॅमेरा किंचित ओलसर फडक्याने पूस आणि मग कोरड्याने, मीठ नुसतं कोरडं घासलं तर काचेवर ओरखडे येतात.

मी मस्कतला असतो, गणपतीत गावी येतोय, येताना २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन आणला तर चालेल ना? नॅनो ड्रोनला लायसन्स लागत नाही असं वाचलंय.

अहो, दोन वेगळे नियम तुम्ही एकत्र केलेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नॅनो म्हणतात आणि तो उडवणाऱ्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, इथपर्यंत बरोबर. पण ९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आणली, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना तेवढी सूट, आणि विमानतळावर कस्टमवाले वजन विचारत बसत नाहीत. बॅगेत सापडला तर गेला. गणपतीच्या गर्दीत दोन तास तिथे वाद घालण्यापेक्षा नका आणू.

इथे कुणाचा कायदेशीर ड्रोन मिळाला तरी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये आहे का ते बघावं लागतं, तिथे साधारण ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. नकाशा हिरवा म्हणजे सगळं झालं असंही नाही. रायगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे परवानगीशिवाय ट्रायपॉडसुद्धा लावू देत नाहीत, ड्रोन तर लांबच. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखातं. खरं सांगू का, कोकणकड्याच्या थोडं मागे सुरक्षित उभं राहिलं की खाली कोकण जसं दिसतं तो ड्रोनचाच अँगल आहे, फुकटात.

चिपळूणहून लिहितेय. दोन पावसाळे कॅमेरा कपाटात होता, आता लेन्समध्ये आतून पांढरट नक्षी आलीय. तांदळाच्या डब्यात ठेवू का?

ताई, तांदूळ नको, त्याची पावडर आणखी आत जाईल. ती बुरशी आहे, घरी लेन्स उघडायला जाऊ नका, कारागिराला दाखवा, लवकर गेली तर साफ होते, काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतो. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

पुढे कपाट आणि चामड्याची केस दोन्ही बंद. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे, ६० च्या वर जाऊ लागला की जेल बदला किंवा तापवून सुकवा. रंग बदलणारं जेल घेतलं तर कधी सुकवायचं ते कळतं. महागड्या लेन्स जास्त असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, पण तुमच्याकडे जुलैत लाइट जाते तेव्हा डब्याला काही फरक पडत नाही. आणि कॅमेरा वापरत राहा, पडून राहिलेल्यालाच बुरशी आधी लागते.

नागपूरहून लडाखला बाइकवर चाललोय. तिकडे बॅटऱ्या लवकर उतरतात म्हणे. शिवाय मागच्या वेळी राजस्थानात उन्हातले व्हिडिओ तुटक-तुटक आले होते, तेही सांगा.

थंडीत बॅटरी मेलेली वाटते पण बऱ्याचदा मेलेली नसते, गरम केली की थोडी परत येते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. रात्री खोलीत किंवा गरम तंबूत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर आतल्या काचेवर दव जमतं. परत विमानाने येणार असाल तर बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, २० हजार एमएएचची साधी पॉवर बँक ७४ वॅट-अवरची होते, मर्यादा १०० ची आहे, तेव्हा काळजी नाही.

तुटक व्हिडिओ शटर फार वेगात उघडझाप झाल्यामुळे. भर उन्हात आयएसओ १००, एफ/१६ ला शटर साधारण १/१०० येतो, तोच एफ/४ केलं की १/१६०० झाला, आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओला हवाय १/५०, म्हणजे पाच स्टॉप उजेड जास्तीचा. तेवढा खायला एनडी३२ फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काळपट काच. फिरवून कमीजास्त होणारा व्हेरिएबल एनडी प्रवासात सोयीचा, पण वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवला की आकाशात काळी फुली उमटते, तिथपर्यंत नेऊ नका. कार्ड व्ही३० लिहिलेलं घ्या, १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) व्हिडिओला तासाला ४५ जीबी लागतात, आणि नवीन कार्ड निघण्याआधी घरीच एकदा गच्च भरून, पुन्हा वाचून तपासा, नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत आणि पँगाँगवर दुसरं मिळणार नाही.