पाच बोटं, पण पाचचा आकडा कुठे लिहिलाय?

प्रश्न: जावेच्या सोनोग्राफीत बाळाची बोटं मोजता आली तेव्हापासून डोक्यात घोळतंय, पेशींना ना डोळे ना मेंदू, मग इथे बोट करायचं आणि इथे फट ठेवायची हे त्यांना कळतं कसं? गणिताने उलगडतं म्हणतात, ते कसं काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर: ताई, फार आवडला प्रश्न. सुरुवातीला हात म्हणजे नुसतं चपटं वल्हं असतं, बोटंबिटं काही नाही. मग पट्ट्यापट्ट्यांत पेशी सॉक्स-९ नावाचं जनुक चालू करतात, तिथे कूर्चा होते, पुढे हाड, आणि मधल्या पेशी मरून फट पडते.

हे पट्टे आखतं कोण? १९५२ साली ॲलन ट्युरिंगने, हो तोच कॉम्प्युटरवाला, समीकरणं मांडून दाखवलं की पेशी सगळ्या सारख्या असल्या तरी ठिपके-पट्टे आपोआप उमटू शकतात. समजा एक रसायन स्वतःला वाढवतं आणि सोबत स्वतःला रोखणारं दुसरंही बनवतं, आणि हे रोखणारं भराभर लांब पसरतं, मग जिथे पहिलं जरासं जास्त झालं तिथे ते वाढतच जातं, आजूबाजूला दाबलं जातं आणि रोखणाऱ्याचा जोर ओसरला की परत नवा पट्टा. उसाच्या सऱ्या बघा ना, दोघींतलं अंतर ठरलेलं, किती पडतील ते वावराच्या रुंदीवर. म्हणजे पाच हा आकडा पेशींना कुणी सांगतच नाही!

बोटांत खरंच असं होतं का यावर खूप वर्षं वाद होता. २०१२ मध्ये ग्ली-३ जनुक नसलेल्या उंदरांच्या गर्भात हॉक्स जनुकं एकेक करून कमी केली तर बोटं वाढत वाढत चौदापर्यंत गेली, बारीक आणि दाटीवाटीने, म्हणजे सऱ्यांमधलं अंतरच घटलं. मग २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या टीमने सॉक्स-९ आणि बीएमपी व विंट हे पेशींमधले दोन रासायनिक सिग्नल, या तिघांचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवलं. बीएमपी दाबलं तर बोटं पुसली जातात, विंट दाबलं तर एकमेकांत मिसळतात, आणि दोन्ही दाबलं तर मॉडेल म्हणालं बोटं येतील पण कमी आणि जाड. हे नुसत्या तर्काने सुचणं अवघडच, आणि डिशमध्ये वाढवलेल्या उंदराच्या पंजात तसंच झालं! मला तर हे वाचताना अंगावर काटा आला होता.

अंगठा कुठला नि करंगळी कुठली हे मात्र या नक्षीतून ठरत नाही, त्यासाठी करंगळीच्या बाजूने सॉनिक हेजहॉग नावाचा वेगळा सिग्नल येतो. आणि तुम्ही स्क्रीनवर बोटं मोजलीत ना, तोवर हे सगळं होऊन कित्येक आठवडे उलटलेले होते.